लागोसमध्ये अडकलेले २ लाख ८४ हजार डॉलर : एका पंप-निर्यातदाराचे प्रकरण

हे प्रकरण २०२२ ते २०२४ या काळातले आहे. निर्यातदार, खरेदीदार आणि दोन्हीकडच्या बँका ओळखू येऊ नयेत म्हणून माल, रकमा आणि काही तारखा बदलल्या आहेत. नायजेरियातले चलनाचे निर्बंध, त्यांच्या तारखा आणि आपल्याकडचे नियम मात्र जसेच्या तसे आहेत.

पार्श्वभूमी

निर्यातदार कोल्हापूर परिसरातला, सिंचनाचे पंप आणि त्यांचे सुटे भाग बनवणारा. वर्षाची निर्यात ९ लाख डॉलरच्या आसपास, त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून थोडी कमी नायजेरियाला. लागोसचा खरेदीदार सहा वर्षे जुना, पैशाला चोख. पहिली दोन वर्षे आगाऊ रक्कम, पुढे साइट (पैसे भरले की लगेच मालाचे कागद), आणि शेवटी ओळखीच्या भरवशावर डीए ९० दिवस. म्हणजे खरेदीदाराने हुंडी स्वीकारली की बँक त्याला कागद देते. माल त्याचा होतो आणि पैसे ९० दिवसांनी.

न्हावा शेवाहून अपापा बंदराकडे तीन खेपा गेल्या:

- खेप १ : सप्टेंबर २०२२, पंप, १,१२,००० डॉलर. देय डिसेंबर २०२२.
- खेप २ : नोव्हेंबर २०२२, पंप व सुटे भाग, ९६,००० डॉलर. देय फेब्रुवारी २०२३.
- खेप ३ : जानेवारी २०२३, ७६,००० डॉलर. देय एप्रिल २०२३. यात ५७,००० चे पंप आणि १९,००० चे पोलादी पाइप, एकाच इनव्हॉइसवर.

ईसीजीसीची, म्हणजे निर्यातीच्या थकबाकीचा विमा उतरवणाऱ्या सरकारी कंपनीची, पॉलिसी होती. या खरेदीदारासाठी मंजूर मर्यादा २,१०,००० डॉलर. पहिल्या दोन खेपा त्यात बसल्या, तिसरी बाहेर पडली. मर्यादा वाढवून घ्यायला कोणाला सुचले नाही, कारण तोवर एकही बिल थकले नव्हते.

नायजेरियाची आयातीची रचना समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही. तिथे आयातदार आपल्या बँकेमार्फत 'फॉर्म एम' उघडतो. प्रोफॉर्मा इनव्हॉइस (माल निघण्याआधीचे कच्चे बिल), तिथल्याच विमा कंपनीचे सागरी विमापत्र (म्हणून आपला भाव विम्यासह सीआयएफ नव्हे, विम्याविना सीएफआर) आणि लागू असेल तिथे माल तिथल्या मानकांत बसतो याचे सॉन्कॅप प्रमाणपत्र जोडावे लागते. या फॉर्मवर एक शब्दप्रयोग असतो, आणि निर्यातदाराच्या दृष्टीने सगळा फॉर्म त्यातच आला : 'व्हॅलिड फॉर फॉरेक्स' की 'नॉट व्हॅलिड फॉर फॉरेक्स'. पहिला असेल तर बँकेला मध्यवर्ती बँकेच्या अधिकृत खिडकीतून डॉलर मागता येतात. दुसरा असेल तर आयातदाराने स्वतःचे डॉलर कुठूनतरी उभे करायचे. जून २०१५ मध्ये नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने ४१ वस्तूंना अधिकृत डॉलर बंद केले. ती यादी पुढे ४३ वर गेली. तिच्यात तांदूळ, सिमेंट, प्लास्टिकच्या काही वस्तू यांच्याबरोबर पोलादी पाइपही होते. पंप नव्हते.

अडचण

खेप १ देय झाली तेव्हा खरेदीदाराने ठरल्याप्रमाणे आपल्या बँकेत नायरा, म्हणजे तिथले चलन, भरले. अधिकृत भाव डॉलरला ४५० च्या खालीच, म्हणजे सुमारे ५ कोटी नायरा. त्याने बँकेची डेबिट पावती व्हॉट्सॲपवर पाठवली. निर्यातदाराने ती फाइलला लावली आणि आता आठवड्या-दोन आठवड्यांत पैसे येतील असे धरले. फेब्रुवारीत खेप २ चेही सुमारे ४ कोटी ४३ लाख नायरा भरले गेले. डॉलर एकाही खेपेचे आले नाहीत.

आपल्या एडी बँकेने (परकीय चलनाच्या व्यवहाराचा परवाना असलेली निर्यातदाराची बँक) कलेक्शनची, म्हणजे बिलाच्या वसुलीची, चौकशी करणारे एमटी ४२० संदेश तीनदा पाठवले. उत्तर दर वेळी एका ओळीचे : मध्यवर्ती बँकेकडून परकीय चलनाची प्रतीक्षा आहे. इकडे खेप १ चे बिल बँकेने आधीच डिस्काउंट केले होते, म्हणजे त्यावर पैसे आगाऊ दिले होते. मुदत उलटून महिना होताच तिने ते क्रिस्टलाइझ केले, म्हणजे डॉलरचे कर्ज रुपयांत बदलून सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखात्यावर टाकले. ११ टक्के व्याज चालू झाले.

एप्रिलमध्ये खेप ३ देय झाली तेव्हा खरेदीदाराने नायराही भरले नाहीत. त्याचे म्हणणे सरळ होते : आधीचे साडेनऊ कोटी बँकेत निजले आहेत, त्यात आणखी कशाला घालू?

उच्चायोगाला दोन पत्रे

मार्च २०२३ मध्ये निर्यातदाराने अबुजातल्या भारतीय उच्चायोगाच्या व्यापार विभागाला ई-मेल केला. अडीच पानांचा मजकूर, १४ जोडपत्रे, आणि मागणी एकच, 'आमचे पैसे मिळवून द्या'. उत्तर आले, सभ्य आणि निरुपयोगी. त्यात दोष पत्राचाच होता. त्या १४ जोडपत्रांत फॉर्म एमचा क्रमांक कुठेही नव्हता, कारण निर्यातदाराने तो कधी मागितलाच नव्हता.

भारतीय वकिलात वसुली-एजंट नसते. ती दुसऱ्या देशाच्या मध्यवर्ती बँकेला डॉलर सोडा असे सांगू शकत नाही, रांगेत कोणाला पुढेही काढू शकत नाही. पण निर्यातदाराला न जमणाऱ्या चार गोष्टी तिला जमतात. खरेदीदाराच्या बँकेला पत्र लिहून स्थिती विचारणे. खरेदीदार खरा आहे आणि धंदा करतो आहे याची खातरजमा. दोघांना एका टेबलावर बसवणे. आणि अशा अनेक भारतीय निर्यातदारांची एकत्रित यादी तिथल्या सरकारपुढे ठेवणे. यातले पहिले सगळ्यांत कमी वापरले जाते. खरेदीदाराची बँक आपल्या निर्यातदाराला बांधील नसते, कारण तो तिचा ग्राहक नाही. त्याच्या ई-मेलला ती उत्तर देत नाही. उच्चायोगाच्या पत्राला सहसा देते.

एप्रिलमध्ये दुसरे पत्र गेले, एका पानाचे. एक तक्ता, तीन ओळी. प्रत्येक ओळीत इनव्हॉइस क्रमांक, बिल ऑफ लेडिंगची (जहाजात माल चढल्याच्या पावतीची) तारीख, फॉर्म एम क्रमांक, तो व्हॅलिड आहे का, नायरा भरल्याची तारीख व रक्कम, मध्यवर्ती बँकेच्या लिलावात डॉलरसाठी बोली लावल्याची तारीख. हा शेवटचा रकाना तिन्ही ओळींत रिकामा होता. खाली विनंतीही नेमकी : 'बँकेने या तीन बिलांसाठी कधी व किती बोली लावली आणि तिचे काय झाले, एवढे लेखी मिळावे.' लागोसमध्येही उच्चायोगाचे कार्यालय आहे. पाठपुरावा तिथून झाला.

तीन आठवड्यांनी बँकेचे उत्तर आले आणि प्रकरणाचे स्वरूपच बदलले. खेप १ साठी बँकेने मध्यवर्ती बँकेच्या लिलावात बोली लावली होती, ६० दिवसांचा फॉरवर्ड (ठरलेल्या भावाने ६० दिवसांनी डॉलर देण्याचा करार) मंजूरही झाला होता. तो फेब्रुवारीत पिकला, पण मध्यवर्ती बँकेने डॉलर दिले नव्हते. खेप २ साठी बोलीच लावली नव्हती. नायरा नुसते खात्यात पडून होते. खेप ३ चा फॉर्म एम फक्त पंपांचा होता, इनव्हॉइस मात्र पंप-पाइप एकत्र. रक्कम जुळत नाही म्हणून बँकेने तो कागद बाजूला ठेवला होता.

तोवर निर्यातदार २,८४,००० ची एकच थकबाकी समजत होता. प्रत्यक्षात ते तीन वेगळे आजार निघाले.

पर्याय

*थांबणे.* खेप १ साठी हाच मार्ग होता. फॉरवर्ड हा मध्यवर्ती बँकेवरचा दावा असतो, आणि त्याचा भाव करारात बांधलेला असतो. खेप २ साठी थांबणे म्हणजे नायराच्या भावावर जुगार.

*दुबईमार्गे पैसे.* खरेदीदारानेच सुचवले : खुल्या बाजारात डॉलर घेऊन दुबईतल्या भावाच्या कंपनीकडून पाठवतो. त्या वेळी अधिकृत भाव ४६० आणि खुल्या बाजारात ७४० च्या पुढे. तरी तो तयार होता, हे त्याच्या सचोटीचे लक्षण. रिझर्व्ह बँक तिसऱ्या पक्षाकडून आलेले पैसे चालवून घेते, पण ते बँकेमार्फत आणि एफएटीएफ या पैशांच्या गैरव्यवहारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या निकषांत बसणाऱ्या देशातून यावे लागतात. संयुक्त अरब अमिराती मार्च २०२२ ते फेब्रुवारी २०२४ त्या गटाच्या करड्या, म्हणजे वाढीव देखरेखीच्या, यादीत होती. एडी बँकेने नकार दिला. शिवाय खेप १ वर फॉरवर्ड जिवंत होता. त्याच बिलाचे पैसे बाहेरून आले असते तर एका आयातीवर दोनदा डॉलर, असा अर्थ निघाला असता. हा नकार पुढे वरदान ठरला.

*माल घेऊन वळते करणे.* अडकलेल्या नायरात तीळ किंवा काजू विकत घ्यायचा आणि भारतात आणायचा. कल्पना आकर्षक, म्हणून प्रत्येक प्रकरणात कोणीतरी ती काढतोच. पण आपल्याकडे निर्यातीचे येणे आयातीच्या देण्यात वळते करता येते ते त्याच परदेशी पक्षाशी. आणि नायजेरियातून माल बाहेर पडताना एनएक्सपी फॉर्म लागतो, ज्यात निर्यातीचे डॉलर देशात आणण्याची हमी असते. डॉलर आणायचे नाहीत म्हणून तर हा खटाटोप. दोन्ही टोकांना दार बंद.

*रुपयात व्यवहार.* रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२२ च्या परिपत्रकानंतर विशेष रुपया व्होस्ट्रो खात्यांची (परदेशी बँकांची भारतातली रुपया-खाती) चर्चा जोरात होती. मार्च २०२३ पर्यंत ज्या १८ देशांच्या बँकांना अशी खाती मंजूर झाली, त्यांत केनिया, टांझानिया, युगांडा, बोट्स्वाना होते, नायजेरिया नव्हता.

*खटला.* करारात लवादाचे कलम नव्हते. आणि जो खरेदीदार पैसे भरून बसला आहे, त्याच्यावर दावा कसला लावायचा?

*सूट आणि हप्ते.* खेप २ आणि ३ साठी उरलेला मार्ग. पण तो मार्चमध्ये कोणालाच नको होता.

काय केले

खेप २ ची बोली लगेच लावा, असे मे महिन्यात खरेदीदाराने बँकेला लेखी कळवले. उशीर झाला होता. ९ जूनला मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर निलंबित झाले, १४ जूनला वेगवेगळे अधिकृत भाव एकत्र केले गेले आणि नायरा काही दिवसांत ७५० च्या पलीकडे गेला. खेप २ साठी भरलेले ४ कोटी ४३ लाख आता पुरणार नव्हते. ७७० च्या भावाने ७ कोटी ३९ लाख लागत होते. जवळपास ३ कोटींची तूट कोणाच्या माथी?

कराराप्रमाणे उत्तर सोपे आहे. देणे डॉलरमध्ये आहे, नायरा भरल्याने ते फिटत नाही. पण खरेदीदाराचा मुद्दाही पोकळ नव्हता : 'मी वेळेवर भरले, माझ्या बँकेने बोली लावली नाही.' त्याने २५ टक्के सूट मागितली. निर्यातदार आठ दिवस फोन उचलेना.

जुलैत उच्चायोगाच्या व्यापार विभागाने दोघांची आणि बँकेच्या प्रतिनिधीची ऑनलाइन बैठक लावली. तासाभरात तीन गोष्टी ठरल्या आणि त्यांचे इतिवृत्त तिघांना गेले. खेप १ ला कोणी हात लावायचा नाही, ती फॉरवर्डच्या रांगेतच राहील. खेप २ वर ८ टक्के सूट, बाकी रक्कम बाजारभावाने चार हप्त्यांत. खेप ३ चे इनव्हॉइस पंप आणि पाइप असे वेगळे मांडून द्यायचे, पंपांचे पैसे खेप २ संपल्यावर. कागद पाहता सर्वांत मोलाचे ठरले ते इतिवृत्त. भारतातल्या दोन-तीन परवानग्या त्याच्याच आधाराने मिळाल्या.

भारतातली बाजू

नायजेरियातून पैसे येईनात म्हणून फेमा या आपल्या परकीय चलन कायद्याची मुदत थांबत नाही. त्या वेळच्या नियमाने निर्यातीचे पैसे ९ महिन्यांत यायला हवे होते. खेप १ ची मुदत जून २०२३, खेप २ ची ऑगस्ट, खेप ३ ची ऑक्टोबर. मुदत संपण्याआधी मुदतवाढीचा ईटीएक्स अर्ज दिला तर एडी बँक एका वेळी सहा महिन्यांपर्यंत वाढ देऊ शकते. वर्ष उलटून गेलेल्या बिलांसाठी एकूण थकबाकी १० लाख डॉलर किंवा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी वसुलीच्या १० टक्के, यांतल्या मोठ्या रकमेच्या आत असावी लागते. ती होती. तिन्ही अर्ज वेळेत गेले. ईडीपीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या निर्यात-नोंद प्रणालीत वाढीव मुदत दिसत राहिली, आणि निर्यातीवर मिळालेला आयजीएसटी परतावा परत भरण्याचा प्रश्नही तोवर टळला, कारण जीएसटीचा ९६बी नियम वाढीव मुदत धरतो.

८ टक्के सुटीसाठी इनव्हॉइस-मूल्य कमी करण्याची परवानगी बँकेने आपल्या अधिकारात दिली. त्या प्रमाणात ड्रॉबॅक (निर्यातीवर मिळालेला सीमाशुल्काचा परतावा) परत भरावा लागला.

ईसीजीसीला थकबाकीचा अहवाल वेळेवर गेला, पण दावा दाखल झाला नाही. चलन हस्तांतराची अडचण ही पॉलिसीतल्या राजकीय जोखमीत मोडते. खरेदीदाराने स्थानिक चलन भरल्याचा पुरावा हाताशी होता. तरी दावा केला की खरेदीदाराचे नाव खराब होईल, या भीतीने मालक थांबले. या प्रकरणातला हा सर्वांत महागडा निर्णय म्हणावा लागेल.

निष्पत्ती

खेप २ चे ८८,३२० डॉलर सप्टेंबर ते डिसेंबर २०२३ मध्ये चार हप्त्यांत आले. शेवटचा हप्ता १९ दिवस उशिरा.

खेप १ ला शेवटच्या टप्प्यात नवी परीक्षा द्यावी लागली. नव्या गव्हर्नरांनी थकलेल्या फॉरवर्डचे लेखापरीक्षण डेलॉइटकडून करून घेतले. सुमारे ७ अब्ज डॉलरच्या दाव्यांपैकी २.४ अब्जांत दोष असल्याचे त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. आयातीचे कागदच नसणे, मागितल्यापेक्षा जास्त वाटप, अस्तित्वात नसलेल्या कंपन्या, असे ते दोष होते. बँकेने खेप १ ची फाइल पुन्हा मागवली. फॉर्म एम, बिल ऑफ लेडिंग, सीमाशुल्काचे एसजीडी (घोषणापत्र), सगळे जुळले. अडले ते नावात. फॉर्म एमवर निर्यातदाराचे जुने भागीदारी फर्मचे नाव होते, बिल ऑफ लेडिंगवर प्रायव्हेट लिमिटेडचे. कंपनी रूपांतराचे प्रमाणपत्र चेंबर ऑफ कॉमर्सकडून साक्षांकित करून पाठवले, आणि दोन्ही नावे एकाच संस्थेची आहेत असे पत्र उच्चायोगाने बँकेला दिले. दुबईहून पैसे घेतले असते तर ही फाइल इथेच फुटली असती. २० मार्च २०२४ ला मध्यवर्ती बँकेने सर्व वैध थकबाकी चुकती केल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात १,१२,००० डॉलर पूर्ण आले, करारातल्या जुन्याच भावाने.

खेप ३ च्या पंपांचे ५७,००० डॉलर २०२४ च्या मध्यापर्यंत आले. पाइपांचे त्रांगडे राहिले. १२ ऑक्टोबर २०२३ ला ४३ वस्तूंवरची बंदी उठली खरी, पण माल केव्हाच सुटला होता. जुन्या आयातीला नवा फॉर्म एम कसा लावणार? खरेदीदाराने आपल्या परकीय चलन खात्यातून ११,००० दिले. ८,००० राहिले ते राहिलेच.

हे ८,००० निर्लेखित करताना, म्हणजे बुडीत म्हणून खात्यातून काढताना, दोन वाटा होत्या. स्वतःच्या अधिकारात निर्लेखन सोपे, अर्ध्या दिवसाचे काम. पण विदेश व्यापार धोरणाखालच्या योजनांत वसुलीचा आग्रह सुटायचा असेल तर निर्लेखन गुणवत्तेवर रिझर्व्ह बँकेने किंवा तिच्या वतीने एडी बँकेने करावे लागते आणि सोबत वसुली न झाल्याचे भारतीय वकिलातीचे प्रमाणपत्र लागते. स्वतः केलेल्या निर्लेखनाला ही सवलत नाही. कंपनीवर ईपीसीजी योजनेचे (सवलतीत यंत्रे आणल्याबद्दल ठरावीक निर्यात करण्याचे) बंधन होते, म्हणून लांबची वाट घेतली. जुलैचे इतिवृत्त असल्याने प्रमाणपत्र मिळायला अडचण आली नाही. ड्रॉबॅकचे मात्र वेगळे आहे : तिथे या दोन्हींबरोबर ईसीजीसीची भरपाईही लागते, आणि खेप ३ विम्याबाहेर होती. तेवढा ड्रॉबॅक व्याजासह परत गेला.

हिशेब असा : २,८४,००० पैकी २,६८,३२० मिळाले, १५,६८० गेले, म्हणजे साधारण १३ लाख रुपये. पण एकट्या खेप १ वरचे १५ महिन्यांचे व्याज साडेबारा लाखांच्या घरात जाते. बुडीत रकमेची चर्चा सगळे करतात, व्याजाची कोणी करत नाही.

वेगळे काय करता आले असते

नायरा भरल्याची पावती म्हणजे पैसे निघाल्याची पावती नव्हे. डिसेंबरमध्येच 'बोली कधी लावली, फॉरवर्डचा क्रमांक काय' हे विचारले असते, तर खेप २ ची बोली फेब्रुवारीतच लागली असती. तीन कोटींची तूट आणि ८ टक्के सूट दोन्ही कदाचित टळली असती.

उच्चायोगाला लिहायची वेळ बिल थकल्यावर ३० ते ४५ दिवसांची. इथे तीन महिने गेले. सोबत निर्यात प्रोत्साहन परिषदेलाही तोच तक्ता द्यायला हवा होता. द्विपक्षीय बैठकांच्या टिपणात एकट्या कंपनीचे प्रकरण सहसा जात नाही, परिषदेची यादी जाते. एप्रिल २०२४ च्या संयुक्त व्यापार समितीत स्थानिक चलनात व्यवहाराचा करार लवकर करण्यावर दोन्ही देशांचे एकमत झाले, त्यामागे अशाच तक्रारींचा रेटा असतो. अर्थात जुन्या बिलांना त्याचा उपयोग नव्हता.

ईसीजीसीचा दावा प्रतीक्षाकाळ संपताच दाखल करायला हवा होता. पैसे नंतर आले असते तर ते ठरलेल्या प्रमाणात ईसीजीसीला परत गेले असते, एवढेच. सीसीवरचे व्याज तरी थांबले असते.

आणि पाइप. ती यादी २०१५ पासून उघड होती, दहा मिनिटांत तपासता आली असती. खरेदीदाराने पाइप 'सोबत टाका' म्हटले आणि कारखान्याने टाकले.

२०२४ च्या अखेरीस त्याच खरेदीदाराची नवी ऑर्डर आली. ४० टक्के आगाऊ, बाकीसाठी तिसऱ्या देशातल्या बँकेने कन्फर्म केलेले एलसी (पैसे देण्याची बँकेची हमी), आणि फॉर्म एमची प्रत हातात आल्यावरच ओतकाम सुरू. प्रत आली तेव्हा तिच्यावर पुन्हा जुनेच भागीदारी फर्मचे नाव होते. ती दुरुस्तीला परत गेली, ओतकाम ११ दिवस लांबले. पाइप खरेदीदार आता लागोसमध्येच घेतो.